जहाजावरचे जेवण आणि बंद गळ्याचा कोट

2018 च्या जून महिन्यात आम्हा उभयतांना सात रात्रींची एक जलयात्रा घडली. साउदॅम्प्टनहून निघायचे, नॉर्वेच्या खाड्यांमधून हिंडायचे आणि पुन्हा साउदॅम्प्टनला उतरायचे, असा बेत होता. इंग्लंडात स्थायिक झालेल्या मुलीने आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाल्याची भेट म्हणून ही तिकिटे काढली होती. निघण्यापूर्वी महिनाभर तिने जहाज कंपनीची एक पुस्तिका पाठवली. तीत पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, ग्रंथालय, सगळ्यांची माहिती होती. पण माझी नजर अडकली ती ‘सायंकाळचा पोशाख’ अशा मथळ्याच्या पानावर. संध्याकाळी सहानंतर मुख्य भोजनगृहात काय घालून यावे, याचे नियम त्या पानावर होते. सातांपैकी पाच रात्री नीटनेटका साधा पोशाख चालणार होता. उरलेल्या दोन रात्री मात्र ‘औपचारिक’ होत्या. पुरुषांनी डिनर जॅकेट आणि बो टाय, निदान गडद रंगाचा सूट. स्त्रियांनी पायघोळ गाऊन किंवा तशाच तोलाचे काही. खाली बारीक अक्षरांत एक सवलत होती : आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालेल. आणि ज्यांना यातले काहीच जमणार नसेल, त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरचे, आपले आपण वाढून घ्यायचे उपाहारगृह उघडे राहील.

छत्तीस वर्षे साहित्य शिकवलेल्या माणसाला एका पानाच्या मजकुराने इतके अस्वस्थ करावे, याचे मलाच नवल वाटले. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचताना पाहून पत्नी म्हणाली, “अहो, त्यात एवढं वाचण्यासारखं काय आहे? माझी नारायणपेठ आहे, एक इरकल आहे. तुमचं तुम्ही बघा.”

तिचे म्हणणे खरेच होते. साडी ही अशी वस्तू आहे की तिला जगातले कोणतेही भोजनगृह दार बंद करीत नाही. हातमागावरच्या विणकराने काठ आणि पदर विणतानाच औपचारिकतेचा प्रश्न सोडवून ठेवलेला असतो. पुरुषांचे तसे नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने धोतर, उपरणे आणि पगडी बाजूला ठेवून विलायती कोट स्वीकारला, तेव्हा घरच्या स्त्रियांनी मात्र आपल्या वेशातच राहावे, असेही त्याच पिढीने ठरवले. एमा टार्लो या अभ्यासिकेच्या ‘क्लोदिंग मॅटर्स’ (1996) या ग्रंथात भारतीयांच्या पोशाखविषयक पेचांची विस्तृत चर्चा आहे. पण स्वतःची बॅग भरायची वेळ आली, की ग्रंथांचा उपयोग मर्यादितच असतो.

जहाजावर जेवणासाठी वेगळे कपडे घालण्याची ही रीत आली कुठून? विसाव्या शतकाच्या आरंभी अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या जहाजांवर पहिल्या वर्गातले प्रवासी रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलत. पेट्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असत. ज्या पेट्या प्रवासात लागणार नाहीत त्या तळघरात जात, लागणाऱ्या हाताशी राहत. पहिल्या आणि शेवटच्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत किंवा पुन्हा बांधून झालेल्या असत, म्हणून त्या दोन रात्री सूट मिळे. 1922 साली अमेरिकेत एमिली पोस्ट यांचे शिष्टाचारावरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यात जहाजावरच्या पोशाखाविषयी त्यांनी दिलेला निवाडा मोठा मार्मिक आहे. जहाजावर नृत्यसमारंभाचे झगे घालून येणाऱ्या बायकांना मिरवायला दुसरी जागा नसावी, असा त्यांचा टोमणा आहे. आणि शेपटीचा लांब कोट तर कोणत्याही सद्गृहस्थाने जहाजावर कधीच घालू नये, असे त्या बजावतात. म्हणजे नियम पाळण्यापेक्षा तो किती पाळावा हे कळणे, ही खरी कुलीनतेची खूण. बाहेरून आलेला माणूस फसतो तो नेमका याच ठिकाणी.

1912 साली ‘टायटॅनिक’ बुडत असताना बेंजामिन गुगेनहाइम या धनिकाने आणि त्याच्या नोकराने अंगावरचे जाड कपडे उतरवून संध्याकाळचे औपचारिक कपडे चढवले आणि सद्गृहस्थासारखे मरण पत्करले, ही कथा पुष्कळांना माहीत असते. ती जगाला कळली ती जहाजावरच्या एका स्टुअर्डमुळे, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. तो वाचला आणि त्याने ती येऊन सांगितली.

पुढे विमाने आली. प्रवासासाठी जहाजात बसण्याचे कारण संपले आणि सहलीसाठी बसण्याचे कारण निर्माण झाले. वर्ग गेले, पण वर्गाची वेशभूषा सहलीचा एक खेळ म्हणून शिल्लक राहिली. अलीकडे तीही ओसरते आहे. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरावीक वेळ, ठरावीक टेबल आणि औपचारिक पोशाख यांची सक्ती सैल केली. तेव्हापासून अनेक कंपन्यांनी कमीअधिक प्रमाणात तीच वाट धरली. आमचे जहाज जुन्या वळणाचे होते, एवढेच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या पानावरचे शब्द मला नवे नव्हते, आणि माझ्या अस्वस्थतेचे कारणही तेच होते. माझे वडील शिंपी होते. धोबीतलावच्या एका गल्लीत त्यांचे दुकान होते. दुकान कसले, दोन यंत्रे आणि एक फळी मावेल एवढी जागा. त्या भागात गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. बोटीवर नोकरी करणारे गोवेकर तारवटी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरत. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर भोजनगृहात वाढणारे बहुतांशी गोव्याचेच असत. 1960 च्या सुमारास, मी शाळकरी वयाचा असताना, ही मंडळी पांढरे कोट शिवायला, जुने दुरुस्त करायला वडिलांकडे येत. पितळी बटणे मोजून डबीत ठेवणे हे माझे काम. कधी एखादा बँडवाला काळे डिनर जॅकेट घेऊन येई. त्याच्या कॉलरवरचे सॅटीन वडील ओल्या फडक्याखाली, हलक्या हाताने इस्त्री करीत. विजारीच्या बाजूने जाणारी रेशमी पट्टी किती रुंद असावी, काज कुठे असावे, बाहीखालून सदरा किती दिसावा, हे सगळे त्यांना पाठ होते. स्वतः मात्र जन्मभर धोतर आणि सदरा. बोटीच्या आत त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही.

तरी कुतूहल असे. एकदा एका वयस्क तारवट्याला त्यांनी विचारले, “एवढ्या उकाड्यात हे लोक कोट घालून जेवतात तरी कसे?” तो हसून म्हणाला, “तांबडा समुद्र लागला की सायबसुद्धा कोट काढतात. नुसता सदरा आणि कमरेला पट्टा.” पुढे कधीतरी वाचनात आले, की या वेशाला इंग्रजीत तांबड्या समुद्राचेच नाव आहे, आणि तो कमरेचा रेशमी पट्टा, ज्याला विलायतेत ‘कमरबंड’ म्हणतात, तो आपल्याकडचा कमरबंद. हिंदुस्थानातल्या उन्हाळ्याने हैराण झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी वासकुटाऐवजी तो कमरेला गुंडाळला आणि मग मायदेशी नेला. दुसरा शब्द ‘डंगरी’. खलाशी आणि यंत्रकामगार घालतात त्या जाड्याभरड्या कापडाचे हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले, असे सांगतात. एकाच मुलखातून निघालेले हे दोन शब्द. एक वरच्या भोजनगृहात गेला, दुसरा खालच्या यंत्रघरात. आमच्या पुस्तिकेत पहिल्याची शिफारस होती, आणि दुसऱ्याच्या वंशातल्या जीन पँटला औपचारिक रात्री मज्जाव होता.

पहिली औपचारिक रात्र आली. पत्नी नारायणपेठ नेसून तयार झाली. मी म्हणालो, “मला कोट घट्ट होतो आहे. आपण वरच जेवू.” ती काही बोलली नाही. जरीकाठाची नारायणपेठ नेसलेली ती बाई त्या रात्री अर्ध्या चड्डीतल्या माणसांच्या रांगेत ताटली घेऊन उभी राहिली. उत्तरेकडचा जून, त्यामुळे रात्रीचे साडेनऊ झाले तरी उन्हे होती. खालून संगीत ऐकू येत होते. जिन्यावर काळे कोट घातलेले पुरुष लख्ख उजेडात थोडे विनोदी दिसत होते, असे मी स्वतःला सांगितले.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला गांधीजी आठवले. 4 सप्टेंबर 1888 रोजी ते मुंबईहून ‘क्लाइड’ या बोटीने विलायतेला निघाले, तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. आत्मचरित्रात त्यांनी त्या प्रवासाची हकीकत प्रांजळपणे सांगितली आहे. काट्याचमच्याने खाण्याची सवय नव्हती. कोणत्या पदार्थात मांस नाही, हे विचारण्याचा धीर नव्हता. म्हणून ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत. बरोबरची मिठाई आणि फळे केबिनमध्येच खात राहिले. अंगात काळा सूट असे आणि मित्रांनी करून दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवलेला. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि पांढऱ्या कपड्यांतला माणूस त्या धक्क्यावर ते एकटेच. उतरण्याचे बंदर ते साउदॅम्प्टन सांगतात. अभ्यासकांनी पुढे वेगळे बंदर सुचवले आहे. पण लाजेची आठवण अचूक असायला बंदर अचूक असावे लागत नाही.

मात्र माझी गोष्ट तशी नव्हती. ते अज्ञानामुळे केबिनमध्ये बसले. मला तर सगळे ठाऊक होते. आणि कोट घट्ट होत नव्हता. मी पत्नीशी खोटे बोललो होतो.

तो काळा, बंद गळ्याचा कोट 1974 साली वडिलांनी शिवलेला. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. स्नेहसंमेलनाच्या रात्री प्राध्यापकांचे भोजन होते, पाहुणे मोठे होते. वडिलांनी कापड स्वतः आणले, स्वतः बेतले. काजाचे काम मात्र वेळेत उरकेना. संमेलनाच्या संध्याकाळी ते कोट कागदात गुंडाळून लोकलने महाविद्यालयात आले. मी सहकाऱ्यांबरोबर व्हरांड्यात उभा होतो. त्यांच्या गळ्यात टेप तसाच राहिला होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, “कोण हे?” मी म्हणालो, “आमचे शिंपी.”

वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते उच्चारताना सोपे गेले. वडिलांनी ऐकले की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी कोट माझ्या अंगात चढवला, खांद्यावरून हात फिरवला, मागे सरून पाहिले, आणि माझ्यापुढे बसून खालची कड सरळ आहे ना ते तपासले. मग “बरा बसलाय” एवढेच म्हणून निघून गेले. जेवायला त्यांना कोणी थांबवले नाही, मीही नाही. चार वर्षांनी लग्नात तो कोट मी एकदा घातला, नंतर तो ट्रंकेत गेला. वडील 1985 साली गेले. त्या संध्याकाळीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

जलयात्रेचे ठरल्यावर मी तो कोट बाहेर काढला, तेव्हा तो साहजिकच अंगात येईना. आमच्या भागातल्या शिंप्याकडे नेला. त्याने अस्तर थोडे उसवून आत पाहिले आणि म्हणाला, “साहेब, होऊन जाईल. पाठीला आणि दोन्ही बाजूंना माया भरपूर सोडली आहे. हल्ली एवढी कोणी सोडत नाही.” शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात, हे मी लहानपणापासून जाणतो. भाषेचा अध्यापक असूनही या शब्दाशी कधी थबकलो नव्हतो. चोवीस वर्षांच्या सडसडीत मुलाचा कोट बेतताना तो मुलगा पुढे कधीतरी साठीचा, सुटलेल्या पोटाचा होईल, हे त्या माणसाने धरले होते. मी ज्या संध्याकाळी त्याला ओळख दिली नाही, त्या संध्याकाळी हे सगळे माझ्या अंगावरच होते.

तर बॅगेत असूनही तो कोट पहिल्या औपचारिक रात्री मी का घातला नाही, याचे उत्तर हे असे आहे. आपल्या देशाचा औपचारिक पोशाख म्हणून तो कोणत्याही दारातून आत गेला असता. मलाच तो घालून जेवायला बसणे जड जात होते.

गांधीजींच्या गोष्टीला पुढचा भाग आहे. 1921 साली मदुरेला त्यांनी पंचा स्वीकारला आणि 29 ऑगस्ट 1931 रोजी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीवर चढले ते त्याच वेशात. 1888 चा केबिनमधला मुलगा आणि 1931 चा हा प्रवासी यांत त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात त्यांनी विलायती पोशाख शिकून, वापरून, मग सोडला होता. पण मराठी वाचकाने इथेच थांबू नये. त्याच परिषदेला बाबासाहेब आंबेडकर सुटाबुटात गेले. 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी अस्पृश्य समाजातल्या स्त्रियांना लुगडे उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नेसायला आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले होते. ज्यांना चांगले कपडे घालण्याची शतकानुशतके बंदी होती, त्यांनी सूट घालणे ही नक्कल नव्हे. तो हक्काचा उच्चार आहे. साधेपणाने राहण्यातही एक मोठेपणा आहे, पण तो निवडीचा अधिकार हाती आल्यानंतरचा. माझ्या वडिलांना दुसऱ्यांचे कोट शिवता येत होते. तो घालून कुठे जाऊन बसावे, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही. आणि मी मात्र सगळे हक्क मिळालेला, वरच्या मजल्यावर जाऊन लपलो होतो.

दुसरी औपचारिक रात्र परतीच्या वाटेवर होती. मी कोट घातला. पत्नीने इरकल नेसली होती. तिने वरचे बटण लावून दिले आणि म्हणाली, “घट्ट नाही होत.” मी म्हणालो, “नाही.” तिला पहिल्या रात्रीच कळले होते, हे मला तेव्हा कळले.

भोजनगृहात कोणी आमच्याकडे वळून पाहिले नाही. अर्धेअधिक पुरुष साध्या गडद सुटात होते. बो टाय काहींचा तिरका झाला होता. त्या पानाने माझ्या मनात उभे केलेले ते कठोर परीक्षक मला कुठेच दिसले नाहीत. आमच्या टेबलावर वाढणारा तरुण मडगावकडचा निघाला. आमचे बोलणे ऐकून आधी तो इंग्रजीत ‘सर’ म्हणाला, मग कोकणी वळणाच्या मराठीत ‘काका’. नऊ महिन्यांचा करार, घरी लहान मुलगी. त्याच्या अंगातला कोट कंपनीने ठरावीक मापात दिलेला होता. खांद्याची शिवण अर्धा इंच खाली उतरली होती आणि बाह्या आखूड होत्या. वाढताना हात पुढे केला की मनगट उघडे पडे. त्या खोलीत काय घालावे हा प्रश्न न पडणारी माणसे तीच. मला वाटले, याचा खांदा जरा उचलून दिला पाहिजे, बाहीत माया असेल तर सोडून घेतली पाहिजे. पण तसे बोलणे त्याला अवघड करणारे झाले असते.

त्याने माझ्या कोटाकडे पाहिले आणि सहज विचारले, “काका, हा कुठे शिवला?”

“धोबीतलावला,” मी म्हणालो. “माझ्या वडिलांनी शिवला. ते शिंपी होते. बोटीवरच्या लोकांचे कोट शिवायचे.”

“अरे वा,” तो म्हणाला, आणि सूप घेऊन यायला गेला.

पुढे वाचणाऱ्यांपैकी कोणाला अशा प्रवासाचा योग आला, तर त्यांच्यासाठी व्यावहारिक माहिती एवढीच : साडी कोणत्याही रात्री चालते, बंद गळ्याचा कोट चालतो, गडद सूटही चालतो, आणि काहीच नसेल तरी उपाशी कोणी राहत नाही. केबिनमध्ये परतल्यावर मी कोट हँगरला लावला. खिडकीतून अजून उजेड येत होता. त्या उजेडात बाजूच्या शिवणीलगतची अर्ध्या इंचाची पट्टी बाकीच्या कोटापेक्षा अधिक गडद दिसली. चव्वेचाळीस वर्षे आत दुमडून राहिलेले ते कापड जराही विटले नव्हते.